अंगावरून सांगणारे खिल्लारे

"आंगावरून सांगतो, ऐकीव न्हाई."

सखाराम खिल्लारे यांचे हे वाक्य मी किती वेळा ऐकले, ते सांगता येणार नाही. सेनगाव तालुक्यातील एका आरोग्य केंद्रात मी औषधनिर्माता होतो आणि ते आरोग्य सेवक. एकोणीस वर्षे आम्ही एका छपराखाली काम केले. मैत्री होती असे मी म्हणणार नाही. मैत्री करण्याची मला सवय नाही. परंतु त्यांनी मला जे सांगितले ते दुसऱ्या कोणास सांगितले नाही. आणि त्यांच्या शब्दावरून मी एकदा जी नोंद टाळली, ती टाळावयास नको होती.

ते उंच, काटक होते. खांद्यावर कापडी पिशवी, तीत काचपट्ट्या, सुया, कापूस आणि गेरूचा खडा. तापाच्या रोग्याचे बोट टोचून मलेरियाच्या तपासणीसाठी रक्ताचा ठिपका काचेवर घ्यावयाचा, हे त्यांचे रोजचे काम. कोणी हात मागे घेतला की खिल्लारे आधी आपले बोट टोचून दाखवीत. डाव्या हाताची अनामिका. वर्षानुवर्षे टोचून त्या बोटाचे टोक घट्ट झाले होते, कातड्यासारखे. घर सोडताना दाराजवळच्या भिंतीवर गेरूने तारीख लिहीत. तारीख लिहिली म्हणजे पंधरा दिवसांनी पुन्हा येणार, हा करार. तो त्यांनी मोडलेला मला ठाऊक नाही.

कोणत्याही घरी गेले की प्रथम पाणी मागत. साखऱ्याच्या बौद्ध वस्तीत त्यांचा जन्म. जेथे पाणी वरून ओंजळीत ओतले जाई तेथे ते उभ्याने काम उरकत. जेथे तांब्या हातात मिळे तेथे बसत. याविषयी ते कधी बोलले नाहीत. मी बरोबर फिरलो म्हणून मला दिसले. वरच्या बंजारा तांड्यात तेथला प्रमुख थावरू नाईक याच्या ओट्यावर ते पाय दुमडून बसत. तेथे तांब्या हातात मिळे.

त्याच तांड्याने त्यांना सर्वांत जास्त दमवले. पुरुषांच्या नसबंदीसाठी तेथून एकही माणूस येत नसे. थावरू नाईकाचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूख फिरलेले. बैल त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत. तो भर बैठकीत म्हणाला, "मलेरिया साहेब, ठेचलेला बैल गाडीला चालतो. गाईला चालत न्हाई." ठेचलेला म्हणजे खच्ची केलेला. माणसे हसली. खिल्लारेही हसले. पुढच्या शिबिरात शस्त्रक्रियेच्या यादीत पहिले नाव त्यांचे स्वतःचे होते. घरी दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. घरच्या लोकांनी बराच आकांत केला म्हणतात.

तिसऱ्या दिवशी ते सायकलने तांड्याची चढण चढून गेले. ठेचलेला बैल कसा चालतो ते दाखवण्यासाठी. संध्याकाळी मागच्या दाराने माझ्या खोलीत आले. टाक्याची जागा सुजून लाल झाली होती. मी जखम बांधली, गोळ्या दिल्या, रजिस्टर उघडले.

"लिहू नका, भाऊसाहेब," ते म्हणाले. "वरच्या तांड्याला कळलं तर एकबी येनार न्हाई."

नियमाप्रमाणे लिहावयास हवे होते. मी रजिस्टर मिटले.

तांडा एवढ्याने नमला नाही. नाईकाच्या बायकोने नवा प्रश्न काढला: साहेबाचं काय खरं, साहेबिणीला विचारा. पुढच्या खेपेस खिल्लारे पत्नीस घेऊन गेले. शेवंताबाई ठेंगण्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्या बायकांत जाऊन बसल्या. पुरुष ओट्यावर, कान तिकडे. बायकांनी आडून आडून विचारले. शेवंताबाई सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझं घर नीट हाय. उलट आता भ्या न्हाई." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्या हिवाळ्यात थावरू नाईक स्वतः शिबिरास आला. त्याच्या मागून तांडा आला. खिल्लारे यांचे सारे काम पुढे त्या एका शब्दावर उभे राहिले: नवऱ्याने अंगावरून सांगितले आणि बायकोने साक्ष दिली.

आम्ही दोघे एका वर्षाच्या अंतराने निवृत्त झालो आणि त्याच गावात राहिलो. त्यांना मधुमेह निघाला. मी सुचवीत असे त्या गोळ्या तेव्हा ते वेळेवर घेत. सकाळी आम्ही फाट्यापर्यंत फिरावयास जात असू.

पुढे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वाटेत इतर माणसे लघवीस रस्त्याच्या कडेला उभी राहत. खिल्लारे तुरीच्या रानात दूर, आडोशाला जात. मग त्यांनी तांड्यावर जाणे सोडले. मग फिरावयास येणे सोडले. मी विचारले नाही. आमच्या पिढीत पुरुषाने पुरुषास असे विचारण्याची रीत नव्हती. ती रीत चुकीची होती, असे आता मला वाटते.

एके दिवशी मी त्यांच्या घरी गेलो असता खुंटीवरच्या पिशवीतून तेलाचा उग्र वास आला. आत बाटली होती. हमरस्त्याच्या कडेला तंबू ठोकून 'मर्दानी ताकद' विकणारे लोक विकतात, तसली. नोकरीत असताना असे तंबू खिल्लारे यांनी स्वतः उठवले होते.

हे कोणासाठी, मी विचारले.

"माझ्यासाठी," ते म्हणाले.

मग त्यांनी सारे सांगितले. तापाच्या रोग्याची माहिती वैद्यकीय अधिकाऱ्यास द्यावी तशा सपाट आवाजात. दोन वर्षांपूर्वी इंद्रियाच्या वरच्या अंगास तुरीच्या दाण्याएवढी गाठ हाताला लागली. दुखू लागली. मग इंद्रिय एका बाजूस वाकू लागले. मग आखडत गेले, लहान होत गेले. शेवटी ताठरता येणेच थांबले. "आता लघवीला बी बसावं लागतं, भाऊसाहेब. न्हाई तर पँट भिजते."

डॉक्टरकडे का गेला नाहीत, असे मी विचारले. आवाज चढला असावा.

"गेलो असतो. उद्या तांड्यात बोंब झाली असती, नसबंदीवाला साहेबच गेला कामातून. ज्यायला मी हाताला धरून आनलं, त्यायनं काय समजावं?"

मी म्हणालो, नसबंदीने असे होत नाही. हा वेगळा रोग आहे.

"तुमाला ठावं हाय, मला ठावं हाय. थावरू नाईकाला कोन सांगनार? मीच सांगत आलो, आंगावरून. आता आंगच खोटं बोलून राहिलं."

मी बाटली उकिरड्यावर फोडली आणि घरी आलो. गुपित राखण्याचे वचन त्यांनी घेतले होते. मी दिले. रजिस्टर दुसऱ्यांदा मिटले.

त्यानंतर दोन महिन्यांनी शेवंताबाई माझ्या दारात आल्या. हातात बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता. बसल्या नाहीत. म्हणाल्या, घरधनी घरात बोलत नाहीत. अंथरूण ओसरीवर नेले आहे. हात लावला तर विंचू चावल्यासारखे उठतात. कोणी बाई असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, तेवढे सांगा. मग त्यांनी डबा उघडला. मधुमेहाच्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. एकही गोळी काढलेली नव्हती. "ह्ये पेटीत कपड्याखाली घावलं," त्या म्हणाल्या.

पट्ट्या पाहून मला जे कळले ते त्यांना कळले नव्हते. दोर न घेता, विहीर न गाठता मरण्याचा मार्ग आरोग्य सेवकास ठाऊक असतो.

मी त्यांना घेऊन तसाच खिल्लारे यांच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसले होते. पायाच्या अंगठ्यास फडके होते, आत जखम. मी डबा पुढे ठेवला आणि विचारले, असे किती दिवस लागतील असा तुमचा अंदाज आहे?

"तुमी औषधवाले," ते म्हणाले. "तुमीच सांगा."

मी आयुष्यात दुसऱ्याचे गुपित एकदाच फोडले, ते त्या ओसरीवर. शेवंताबाईंसमोर, जे होते ते, त्या त्या शब्दांत. खिल्लारे भिंतीकडे तोंड करून बसले. शेवंताबाई खांबाला धरून खाली बसल्या. मग म्हणाल्या, "दोन वर्षं मी त्या बाईचं तोंड हुडकून राहिले. बाजारात, लग्नात, कुठंबी. अन् बाईच न्हवती." त्यांना हसू आले आणि ते हसू नीट राहिले नाही.

खिल्लारे भिंतीशीच बोलले, "तू तवा तांड्यात साक्ष दिली व्हती. घर नीट हाय म्हणून."

"व्हय, दिली. मंग?"

"आता कोनत्या तोंडानं..."

"तांड्याचं ऱ्हाऊ द्या. तांडा निजतो का माझ्या बाजूला?"

मी उठून अंगणात गेलो.

नांदेडच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी तपासले, यंत्रावर आतले चित्र पाहिले. कागदावर आकृती काढून समजावले. आत रक्त भरणाऱ्या दोन नळ्या असतात. त्यांवर ताणले जाणारे वेष्टन. त्या वेष्टनावर बारीक इजा होऊन व्रण धरतो, काही माणसांत तो वाढत जातो. मधुमेह असला तर अधिक. व्रणाची जागा ताणत नाही. म्हणून वाक, म्हणून आखडणे. सुरुवातीस आला असता तर औषधांस काही वाव होता, असे ते म्हणाले. नंतरच्या गोळ्या आणि इंजेक्शने करून पाहिली; उपयोग झाला नाही. उरली शस्त्रक्रिया. व्रण कापून तेथे ठिगळ लावावयाचे, म्हणजे गेलेली लांबी थोडी परत येईल. आणि नळ्यांत दोन लवचिक सळया कायमच्या बसवावयाच्या. गेलेली सारी लांबी येणार नाही, त्या आशेने येऊ नका, असे त्यांनी दोनदा सांगितले. साखर उतरल्याशिवाय हात लावणार नाही. पू झाला तर सळया काढाव्या लागतील, आणि मग आहे ते आणखी आखडेल.

खिल्लारे यांनी एकच विचारले, उभ्याने लघवी होईल का. शेवंताबाईंनीही एकच विचारले. दोन वर्षं माणूस घरात बोलला नाही, ते कोणत्या टाक्याने शिवता? डॉक्टर तरुण होते. त्यांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, "ते माझ्याकडं नाही, आजी. पण तुम्ही दोघं सोबत आलात, अर्धं तिथंच शिवलंय."

साखर उतरण्यास तीन महिने लागले. गोळ्या शेवंताबाई हातावर ठेवीत आणि गिळेपर्यंत समोर उभ्या राहत. पायाची जखम भरली. शस्त्रक्रिया नीट झाली. सहाव्या दिवशी ते घरी आले. मी भेटण्यास गेलो तेव्हा शेवंताबाई चुलीजवळून मोठ्याने काहीतरी सांगत होत्या आणि ओसरीवरून खिल्लारे उत्तर देत होते. अंथरूण आत गेले होते. इतका बोलका आवाज त्या घरातून मी बऱ्याच काळाने ऐकला.

तीन दिवसांनी मला त्यांचे डोळे तापलेले दिसले. विचारले तर ऊन लागले म्हणाले. दिवस पौषाचे होते. मी धोतराचा सोगा बाजूस करावयास लावला. पट्टी ओली होती, वास येत होता. दोन दिवसांपासून ताप होता. स्वतः न्हाणीत जाऊन, जुन्या पिशवीतले कापूस-पट्टी घेऊन, ते जखम बदलत होते.

मी त्यांना बोलू नये ते बोललो. ते ऐकून घेत राहिले. मग हळू म्हणाले, "घरची बाई हसून राहिली व्हती, भाऊसाहेब."

त्याच दुपारी नांदेडला नेले. सळया काढाव्या लागल्या. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आला असता तर धुऊन वाचवण्याचा प्रयत्न केला असता. निश्चित सांगता येत नाही, परंतु केला असता. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. आता आत व्रण जास्त, काम अवघड, खात्री कमी. जे आखडले होते ते आणखी आखडले. परतीच्या गाडीत खिल्लारे डाव्या हाताचे ते घट्ट बोट उजव्या हाताने दाबत बसले होते. शेवंताबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. मला वाटले, हा माणूस आता जगत नाही.

दवाखान्यात तांड्यातील कोणाच्या तरी नातलगाने त्यांना पाहिले होते. मलेरिया साहेबाची नसबंदीची नस सडली, अशी बातमी आमच्या आधी तांड्यात पोहोचली. त्या महिन्यातील शिबिरास तांड्यातून एकही पुरुष आला नाही. ज्यांची नसबंदी होऊन पंधरा-वीस वर्षे झाली होती, त्यांच्यातही कंबर दुखली तरी नस सडली असे म्हणणारे निघाले. दोन वर्षे जे टाळण्यासाठी त्यांनी तोंड मिटले, ते तोंड मिटूनही झाले. खिल्लारे यांना हे सांगावे की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला. तिसऱ्यांदा रजिस्टर मिटणे मला जमले नाही. मी सांगितले.

त्यांनी उठून चपला घातल्या. मग म्हणाले, "चला."

शेवंताबाईही आल्या. तांड्याची चढण चढताना ते चार वेळा बसले. थावरू नाईक आता फार म्हातारा झाला आहे. ओट्यावर खाटेवर होता. खिल्लारे यांनी पाणी मागितले. तांब्या आला. ते बसले आणि पाणी सावकाश पिऊन झाल्यावर माणसे बोलवा म्हणाले. पंधरा-वीस पुरुष आले. बायका दाराशी.

"आंगावरून सांगतो," खिल्लारे म्हणाले. आवाज पूर्वीचा नव्हता. त्यांनी गाठ सांगितली, वाक सांगितला, तेल सांगितले, पेटीतल्या गोळ्या सांगितल्या, सळया घातल्या आणि काढल्या तेही सांगितले. कोणी हसले नाही. "ह्ये नसबंदीनं न्हाई झालं. गाठीनं झालं. अन् गाठीपरीस जास्त मी लपवल्यानं झालं. तुमच्यापायी लपवलं, ती माझी चुकी. ज्याला तकलीफ असल त्यानं माझ्यावानी करू नका."

थावरू नाईक म्हणाला, "मंग आता तुमचं, साहेब?"

"आता न्हाई चालत, नाईक. चालल का, ते बी ठावं न्हाई."

बायकांनी शेवंताबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "तवा म्हनले व्हते घर नीट हाय. मधी न्हवतं. आता हे बोलतेत." एवढेच. त्या उठून उन्हात उभ्या राहिल्या.

माणसे पांगली. पटले असे दिसले नाही. उतरताना खिल्लारे म्हणाले, गेलं ते गेलं, भाऊसाहेब. मी होय म्हणालो.

दोन दिवसांनी नाईकाचा पुतण्या रोहिदास माझ्या दारात आला. चाळिशीचा, हळदीच्या मळ्यांत मुकादमी करणारा, अंगाने धिप्पाड. बराच वेळ पावसापाण्याचे बोलला. मग जमिनीकडे पाहत म्हणाला, साहेबाला जशी गाठ, तशीच आहे. तीन महिने झाले. बायकोलाही ठाऊक नाही. शेवटी मान वर करून म्हणाला, "अन् म्या तर नसबंदी केलीच न्हाई, साहेब."

हे काकाला सांगशील का, मी विचारले. त्याने घाम पुसला. सांगेन म्हणाला.

सहा महिन्यांनी खिल्लारे पुन्हा नांदेडला निघाले. दुसऱ्यांदा सळया बसतील की नाही, ते उघडल्यावरच कळेल, असे डॉक्टरांनी कळवले होते. पुढे काही दिवस मोठ्या मुलीकडे नांदेडलाच राहण्याचे ठरले होते. सकाळच्या गाडीला मी फाट्यावर गेलो. रोहिदास तेथे होता. त्याला तपासून औषध सुरू झाले होते, त्याची दुसरी फेरी होती. काठी टेकत थावरू नाईकही आला होता. तो फाट्यावरच्या प्रत्येकास, ओळखीच्या आणि अनोळखी, सांगत होता, "आमच्या पोराला बी तीच गाठ. अन् ह्यानं तर नसबंदीच केली न्हाई." रोहिदास खाली मान घालून उभा होता, पण हलला नाही.

गाडी आली. शेवंताबाई आत बसल्या. खिल्लारे यांनी रोहिदासास खिडकीजवळची जागा दिली, स्वतः कडेला बसले. गाडी हलली तसे ते पुढे वाकले आणि रोहिदासाच्या अंगावरून खिडकीबाहेर पाहून मला म्हणाले,

"भाऊसाहेब, आता लिहा."

मी मान हलवली. ते अजून मुलीकडेच आहेत; त्यानंतर मी त्यांना पाहिलेले नाही.

मी निवृत्त आहे. माझ्याजवळ आता रजिस्टर नाही. म्हणून येथे लिहिले.